पोर्टफोलिओत घालू तरी काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकते. शाळेचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. पदवी मिळण्याआधी लेखनक्षमता सिद्ध करावी लागते, अशी तिच्या विद्यापीठाची अट आहे आणि ती पोर्टफोलिओने, म्हणजे आपल्या निवडक लेखनाच्या संचाने, पूर्ण करायची आहे. त्यासाठी किमान दोन वेगवेगळ्या विभागांतल्या कोर्ससाठी लिहिलेले तीन पेपर लागतात. त्यातला एक संदर्भ वापरून लिहिलेला हवा, आणि सोबत आपल्या लेखनाबद्दलचा एक रिफ्लेक्टिव्ह निबंध द्यायचा. मुदतीला सहा आठवडे उरले आहेत. तिच्याकडे पहिल्या वर्षातला 'ए' ग्रेडचा आत्मपर निबंध, १८५४ सालच्या लंडनमधल्या कॉलऱ्यावरचा 'बी प्लस' मिळालेला इतिहासाचा पेपर, जीवशास्त्राचे लॅब रिपोर्ट, अर्थशास्त्राचा दोन पानी मेमो आणि चौघांनी मिळून लिहिलेला एक प्रोजेक्ट रिपोर्ट आहे. ती विचारते: "यातलं चांगलं इंग्रजी कशात आहे तेच मला कळत नाही. एक सीनियर म्हणतो, ए ग्रेडचे पेपर घाल आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते, सगळं एआयकडून नीट करून घे. रिफ्लेक्टिव्ह निबंधात काय लिहायचं याचा तर पत्ताच नाही. त्यापेक्षा परीक्षा घेतली असती तर तीन तासांत सुटले असते. हा नियम आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलांना अडवण्यासाठीच आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली एक गोष्ट वरच्या सारांशात आलेली नाही, कारण तू ती जाता जाता लिहिली आहेस. कॉलऱ्याच्या पेपरबद्दल तू म्हणतेस, "प्रोफेसरांनी पहिल्या ड्राफ्टच्या समासात 'हे तुला कशावरून कळलं?' एवढंच लिहिलं होतं. त्यापायी निम्मा पेपर बदलावा लागला, दोन दिवस उशीर झाला आणि ग्रेड गेली." तू ही तक्रार म्हणून लिहिलीस. मला मात्र ते वाचून हायसं वाटलं. या मुलीकडे पोर्टफोलिओत घालण्यासारखं काहीतरी नक्की आहे, हे तिथेच कळलं. त्या पेपरकडे मी येतेच. पण तुझ्या मनात जी भीती बसली आहे, तिच्याबद्दल आधी बोलू.

हा नियम बाहेरच्या मुलांसाठी केलेला नाही. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी १९७६ मध्ये ठरवलं की पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लेखनाची पात्रता दाखवलीच पाहिजे. त्या काळात अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत हीच चर्चा चालू होती, आणि तिचा रोख ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच मुलांवर होता. कॉलेजात येऊनही यांना धड लिहिता येत नाही, अशी ओरड होती. त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे परीक्षा. मुलांना एका खोलीत बसवायचं, अनोळखी विषय द्यायचा, घड्याळ लावायचं.

तुला हवीहवीशी वाटणारी परीक्षा ती हीच. तिच्यावर नाराज झालेले पहिले लोक शिक्षकच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी १९८० च्या दशकात या परीक्षेच्या जागी पोर्टफोलिओ आणला. एका बैठकीत, एकाच विषयावर, परत वाचायला वेळ न देता लिहून घेतलेल्या मजकुरावरून कुणाला किती लिहिता येतं हे ठरवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आम्ही वर्गात ड्राफ्ट लिहा, दाखवा, सुधारा असं शिकवतो आणि परीक्षेत नेमकं तेच करायला बंदी घालतो, ही विसंगती त्यांना खटकत होती. म्हणून त्यांनी सुधारून लिहिलेले पेपर मागवले आणि ते वाचायला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिक्षकाऐवजी दुसऱ्या शिक्षकाकडे दिले.

आता तू स्वतःच सांग, शाळेत इंग्रजीचा एकच विषय असलेल्या मुलीला यातलं काय जास्त मानवेल? अनोळखी प्रश्न आणि तीन तास, की तीन वर्षांत सावकाश लिहिलेल्या कामातून निवड करण्याची मुभा? परीक्षा लवकर संपते हे खरं. पण ज्याला शब्द सुचायला वेळ लागतो, त्याच्यावर ती जास्त अन्याय करते. तुझ्या विद्यापीठाने पोर्टफोलिओ ठेवला आहे, ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे.

यातूनच पुढचा गैरसमज निघतो. तू पत्रभर "चांगलं इंग्रजी" शोधते आहेस. पोर्टफोलिओ वाचणारे शिक्षक रुब्रिक समोर ठेवून वाचतात. रुब्रिक म्हणजे गुण कशाला द्यायचे याचा तक्ता. तुझ्या विद्यापीठाचा तक्ता वेबसाइटवर असेल. नसेल तर रायटिंग प्रोग्रामच्या ऑफिसकडे माग. त्यात मुद्दा आहे का, तो पुराव्यावर उभा आहे का, मांडणीत एकातून दुसरं निघतं का, संदर्भ प्रामाणिकपणे दिलेत का, कोणासाठी लिहिलंय याचं भान आहे का, असं सगळं असतं. भाषेची शुद्धता त्यात असते, पण बहुधा एका ओळीत. त्या ओळीतही, चुकांमुळे अर्थ अडतो का, हे जास्त पाहिलं जातं. एखादं 'द' राहून गेलं म्हणून कुणी पोर्टफोलिओ बाजूला टाकत नाही. मुद्दाच नसलेला गुळगुळीत पेपर मात्र अडतो.

आता ग्रेडचं. सीनियरचा सल्ला मला पटत नाही, पण तो का देतो हे समजतं. ए म्हणजे चांगलं, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. पण ग्रेड त्या वर्गापुरती असते. तीत वेळेवर दिलं की नाही, शब्दमर्यादा पाळली की नाही, त्या आठवड्याच्या वाचनाचा उल्लेख आला की नाही, असं बरंच काही मिसळलेलं असतं. तुझ्या कॉलऱ्याच्या पेपरची ग्रेड उशिरामुळे उतरली. पोर्टफोलिओ वाचणाऱ्याला उशिराशी काही देणंघेणं नाही. तो तुला ओळखत नाही, तुझ्या वर्गात बसलेला नाही. त्याच्या पुढ्यात फक्त पानं आहेत.

म्हणून ग्रेड झाकून एकेका पेपरला विचार: हा काय करून दाखवतो? मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी असाच पोर्टफोलिओ मागतात. तीन ते पाच पेपर आणि एक रिफ्लेक्टिव्ह निबंध. तिथे पेपरांकडून मिळून पाच गोष्टी अपेक्षित आहेत: निरीक्षण नोंदवणं, गुंतागुंतीच्या माहितीचं विश्लेषण करणं, अर्थ लावणं, संदर्भ शोधून नीट वापरणं आणि एखादी भूमिका मांडून तिच्या बाजूने युक्तिवाद करणं. तुझ्या विद्यापीठाची यादी वेगळी असेल, तरी कुठेही उपयोगी पडेल अशी ही चाळणी आहे. एका पेपराने पाचही करायची गरज नाही, सगळ्यांनी मिळून करावीत.

या चाळणीतून तुझे पेपर असे दिसतात. लॅब रिपोर्टमध्ये निरीक्षण आणि विश्लेषण आहे. "लॅब रिपोर्ट म्हणजे काय लिखाण?" असं तू म्हणतेस, ते डोक्यातून काढून टाक. विज्ञानातलं लेखन हे लेखनच आहे. फक्त निवडताना डिस्कशनचा, म्हणजे निकालांचा अर्थ लावण्याचा भाग वाचून बघ. "निकाल अपेक्षेप्रमाणे आले" एवढ्यावर जो रिपोर्ट थांबतो तो ठेवून दे. एखादा नमुना बाकीच्यांसारखा का वागला नाही, याच्याशी जिथे तू झटापट केली आहेस तो घे, मग त्यात उत्तर सापडलेलं नसलं तरी चालेल. अर्थशास्त्राचा मेमो छोटा आहे, पण तो एका ठरावीक वाचकासाठी, निर्णय घेणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. बाकी पेपरांत नसलेली गोष्ट त्यात आहे. फक्त तुमच्याकडे किमान पानांची अट आहे का ते बघून घे.

पहिल्या वर्षाचा आत्मपर निबंध मी वगळला असता. तो वाईट असेल म्हणून नव्हे. त्यानंतर तू दोन वर्षं वेगळ्या प्रकारचं लिहिते आहेस आणि वाचणाऱ्याला आजची तू दिसायला हवीस. तीनच जागा आहेत, त्या जपून वापर. गटाचा प्रोजेक्ट रिपोर्टही नको. चौघांनी लिहिलेल्या पानांवरून तुझं लेखन कसं ठरवणार? काही ठिकाणी आपला भाग वेगळा दाखवून असा रिपोर्ट देता येतो, पण तुझ्याकडे त्याशिवायही पुरेसं आहे.

आणि कॉलऱ्याचा पेपर. तू लिहिलं आहेस त्यावरून मला त्याचा प्रवास असा समजला. पहिल्या ड्राफ्टमध्ये तू ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहिलीस: जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी दूषित असल्याचं ओळखलं, १८५४ च्या सप्टेंबरमध्ये पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. प्रोफेसरांनी शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ ओढली आणि समासात तो प्रश्न लिहिला. मग तू स्नोचं स्वतःचं लिखाण काढून वाचलंस. त्यात त्यानेच म्हटलं आहे की घाबरून लोक वस्ती सोडून गेले होते, आणि पाणी बंद होण्याआधीच नव्या रुग्णांची संख्या इतकी उतरली होती की पंपाखालच्या विहिरीत तेव्हाही कॉलऱ्याचं विष होतं की नाही, हे ठरवता येत नाही. मग तुझा मुद्दाच बदलला. दांडा काढल्याने साथ थांबली हे सिद्ध होत नाही. स्नोचं मोठेपण मृत्यूंच्या जागा एकेक करून तपासण्यात आणि त्यांचा पंपाशी संबंध जोडण्यात आहे, असं तू नव्याने लिहिलंस.

मुली, लेखनक्षमता म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते? सगळीकडे छापलेलं एक वाक्य तू तपासलंस, मूळ साधनापर्यंत गेलीस आणि पुरावा सांगतो तेवढंच म्हटलंस. त्यासाठी निम्मा पेपर मोडावा लागला तर मोडलास. संदर्भ वापरून लिहिलेला पेपर म्हणून हाच द्यायचा, यात मला तरी शंका नाही.

आता ज्या निबंधाची तुला धास्ती आहे तो अर्धा लिहून झाला आहे. रिफ्लेक्टिव्ह निबंध म्हणजे मन मोकळं करणं किंवा "या प्रवासात मी खूप शिकले, सर्व शिक्षकांचे आभार" असं काहीतरी, असा समज असतो. तशा निबंधातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. लेखनमूल्यमापनातले जाणकार एडवर्ड व्हाइट यांनी २००५ मध्ये एक मांडणी केली, ती मला फार उपयोगी वाटते. हा निबंध म्हणजे विद्यार्थ्याचा दावा आणि सोबतचे पेपर म्हणजे त्या दाव्याचे पुरावे. विद्यापीठाने सांगितलेली उद्दिष्टं मी कुठे, कशी गाठली, आणि कुठे अजून कमी पडते, हे निबंधात सांगायचं आणि पेपरकडे बोट दाखवायचं.

म्हणजे "माझं संदर्भ वापरण्याचं कौशल्य वाढलं" असं न लिहिता तू लिहिशील: "इतिहासाच्या पेपरच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी पंपाचा दांडा काढल्याने साथ थांबली असं ठामपणे म्हटलं होतं. प्रोफेसरांनी आधार विचारल्यावर मी मूळ ग्रंथ वाचला. चौथ्या पानावरचा दुसरा परिच्छेद मी त्यानंतर लिहिला आहे." वाचणारा चौथं पान उघडतो आणि तुझं म्हणणं तिथे सापडतं. लॅब रिपोर्टमध्ये आजही निष्कर्ष घाईने काढते असं तुला वाटत असेल तर तेही जागा दाखवून लिही. आपली उणीव नेमकी ओळखता येणं हीसुद्धा या निबंधात दाखवायची गोष्ट आहे. ती लपवायची नसते आणि तिच्याबद्दल माफीही मागायची नसते. मराठी माध्यमाबद्दल लिहायचं असेल तर जरूर लिही, पण सहानुभूतीसाठी नको. दोन भाषांत विचार करण्याचा तुझ्या पेपरांवर एखाद्या ठिकाणी परिणाम झाला असेल, तर ते ठिकाण दाखव.

मैत्रिणीच्या एआयच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्टच सांगते: नको. बहुतेक ठिकाणी हे माझंच काम आहे असं लेखी द्यावं लागतं, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा नियम शब्दन् शब्द वाच. पण नियम क्षणभर बाजूला ठेवला तरी यात तुझं नुकसान आहे. पोर्टफोलिओची सगळी किंमत ती पानं तुझी आहेत यात आहे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने १९९० च्या दशकात पोर्टफोलिओ सुरू केला, तेव्हा कोर्समधल्या तीन पेपरांना वेळ लावून समोर बसून लिहिलेल्या मजकुराची जोड दिली होती. घरी लिहिलेलं आणि समोर लिहिलेलं एकाच हाताचं आहे ना, हे त्यातून दिसायचं. तुमच्याकडे तसं नसलं तरी तीन पेपर आणि एक निबंध शेजारीशेजारी वाचणाऱ्याला हात बदललेला कळतोच. आणि यंत्राने सपाट केलेल्या पेपरमधून सगळ्यात आधी काय जाईल? कॉलऱ्याच्या पेपरमधली ती अडखळती, पण जपून लिहिलेली वाक्यं. "हे ठरवता येत नाही" असं म्हणण्याचा तुझा हक्कच त्यात पुसला जाईल.

भाषेसाठी मदत हवीच आहे, तर रायटिंग सेंटरची वेळ घे. तिथे पेपर दुरुस्त करून देत नाहीत, पण पेपर मोठ्याने वाचायला लावतात, आणि तुझ्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या दोन-तीन चुका तुला दाखवून देतात. त्या तेवढ्या सगळ्या पेपरांत शोधल्यास की बरंच काम होतं. मात्र त्याआधी एक खात्री करून घे: पेपरात आता बदल करायला परवानगी आहे का? काही विद्यापीठं पेपर वर्गात दिला तसाच मागतात, काही सुधारून द्या म्हणतात. सुधारायला सांगितलं असेल तर तीनही पेपर वरवर चोपडत बसू नकोस. एकच घे आणि तो खरोखर सुधार. माझं मत विचारशील तर लॅब रिपोर्टचं डिस्कशन.

उरलेली कामं कंटाळवाणी आहेत, पण दर वर्षी मुलं लेखनापेक्षा त्यांच्यातच अडकतात. पेपरवर शिक्षकांची सही किंवा ऑनलाइन मान्यता लागत असेल तर ती या आठवड्यातच माग. शिक्षक रजेवर जातात, विद्यापीठ सोडतात, उन्हाळ्यात ईमेल बघत नाहीत. पाठवताना पेपर जोड, कोर्स आणि सेमिस्टर लिही, तुला नेमकं काय हवंय ते पहिल्याच ओळीत सांग. तू त्यांना आठवत असशीलच असं धरून चालू नकोस. प्रत्येक पेपरबरोबर मूळ असाइनमेंटचा कागदही ठेव. काम काय दिलं होतं हे कळल्याशिवाय वाचणाऱ्याला मेमो दोनच पानांचा का आहे ते समजणार नाही. कोर्सचं ऑनलाइन पान सेमिस्टरनंतर बंद झालं असेल तर जुन्या ईमेलमध्ये शोध. पेपर गूगल डॉक्समध्ये लिहिला असशील तर त्याच्या व्हर्जन हिस्टरीत तुझा तो पहिला ड्राफ्ट अजून असेल. निबंधात त्यातलं मूळ वाक्य जसंच्या तसं देता येईल. वाचन निनावी होत असेल तर पानांवरचं तुझं आणि शिक्षकांचं नाव काढ. फाइलच्या नावातलंही काढ, ते हमखास विसरतं.

सहा आठवडे मला पुरेसे वाटतात, पण हे सगळं शेवटच्या पंधरवड्यावर टाकलंस तर नाहीत. पहिल्या आठवड्यात रुब्रिक, निवड आणि सह्यांचे ईमेल. मग निबंधाचा कच्चा खर्डा, आणि तो तुझ्या विषयाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला वाचायला दे. तिला पेपर न उघडता तुझं म्हणणं कळलं आणि पेपर उघडून ते सापडलं, तर निबंध जमला.

आणि समजा निकाल 'नीड्स वर्क' असा आला तर? वॉशिंग्टन स्टेटमध्ये याच नावाचा शेरा होता आणि तो मिळालेल्याला लेखनाचा आणखी एक कोर्स घ्यावा लागे. इतर ठिकाणी पोर्टफोलिओ सुधारून पुन्हा देता येतो. यात पदवी जात नाही, वेळ जातो. ज्यांनी शेवटच्या सेमिस्टरपर्यंत हे लांबवलं, त्यांना तो वेळ महागात पडतो. तू तिसऱ्याच वर्षात आहेस, त्यामुळे तुझ्या हातात सवड आहे. तरी अॅडव्हायझरला आत्ताच दोन प्रश्न विचारून ठेव: निकाल कधी लागतो, आणि पुढच्या सेमिस्टरच्या नावनोंदणीआधी लागतो का? नंतर लागत असेल तर लेखनाच्या त्या कोर्ससाठी वेळापत्रकात एक जागा मोकळी ठेव. लागली नाही तर तिथे जीवशास्त्राचा एखादा कोर्स घालता येईलच.